लांब पल्ल्याच्या निधी-सायकलफेरीत आजारपण आलं तर? (जळगाव–शिरपूर–नंदुरबार–धुळे फेरीची तयारी)

तापीकाठ

जळगाव – चोपडा – शिरपूर – शहादा – नंदुरबार – साक्री – धुळे – पारोळा – जळगाव अशी पाच दिवसांची फेरी ठरते आहे. अंतर साधारण ४०० किमी, सायकलस्वार २२, वयं १९ ते ६१. सोबत सामानाला एक छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) आणि एक मोटरसायकल. निधी सातपुड्यातल्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांच्या उपचारासाठी. तारीख जानेवारीची धरली आहे, पण परीक्षांमुळे मार्चवर जाऊ शकते.

पंक्चर, चेन, ब्रेकची यादी झाली. आजारपणाची नाही. ताप आला, जुलाब लागले तर कोणी थांबायचं, किती थांबायचं, औषधपेटीत काय हवं, शुगर-बीपीवाल्यांनी काय करायचं? देणगीदारांनी किलोमीटरमागे रक्कम कबूल केली आहे, त्यामुळे कोणी मधेच थांबलं तर पैशाचं काय, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

लळिंगचा चढ

सगळ्यात आधी एक गोष्ट कागदावर आणा: थांबायचं की नाही हे आजारी माणसाने ठरवायचं नाही. निधीच्या फेरीत माणूस स्वतःपुरता चालवत नसतो. गावात फ्लेक्स लागलेला असतो, शाळेची पोरं स्वागताला रांगेत उभी असतात, देणगीदारांना शब्द दिलेला असतो. अशा वेळी १०१ ताप असलेला माणूसही "बरं वाटतंय" म्हणतो. तो खोटं बोलत नाही, त्या क्षणी त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून सायकल न चालवणारे दोन जण नेमा. त्यांनी "आज गाडीत" म्हटलं की विषय संपला. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांची त्यावर सही घ्या.

रोज पहाटे चार गोष्टी वहीत लिहायच्या. अंथरुणातून उठण्याआधीची नाडी, जिभेखालचा ताप, लघवीचा रंग, आणि रात्रीत उलटी-जुलाब किती. माणशी दोन मिनिटं लागतात. ताप चहाआधी बघायचा, चहा झाला असेल तर १५ मिनिटं थांबायचं. "रात्री कुठली गोळी घेतली का?" हा प्रश्न थर्मामीटर लावण्याआधी विचारायचा. पॅरासिटामॉल पोटात असेल तर ९८.६ या आकड्याला काही अर्थ नाही.

१००.४ किंवा वर: सायकल बंद. ९९.५ च्या वर: अर्ध्या तासाने पुन्हा बघायचा. नाडी रोजच्यापेक्षा दहाने जास्त असेल तर तेवढ्यावरून बंदी नको, पण त्या माणसाला दिवसभर मागे, मोटरसायकलच्या नजरेत ठेवायचं.

सर्दीसाठी गळ्याची खूण धरा. नाक वाहणं, शिंका, थोडा खवखवता घसा, म्हणजे गळ्याच्या वरचं सगळं, हळू चालवता येतं. अंगदुखी, छातीत कफ, धाप, पोट, ताप हे गळ्याच्या खालचं. त्यात सायकल नाही. परत चढायचं ते गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल तेव्हाच, आणि पहिला दिवस अर्ध्या अंतराचा.

एरंडोलकर

थोडा ताप असला तरी पेस कमी करून चालवता येतं की. घाम आला की उतरतोही. इतकी कडक बंदी कशाला?

लळिंगचा चढ

@एरंडोलकर भाऊ, घामाने ताप उतरतो हा समज रस्त्यावर महागात पडतो. ताप असताना शरीर आतून आधीच तापलेलं असतं, त्यावर पायडल मारून आणखी उष्णता तयार होते. दुसरं त्याहून गंभीर. व्हायरल तापात काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते, मायोकार्डायटिस म्हणतात तिला. तेव्हा जोर लावला तर ठोके बिघडू शकतात, आणि तरुण धडधाकट माणूसही जागेवर कोसळतो. कोणाला होईल ते बाहेरून ओळखता येत नाही. आणि घोळक्यात पेस कमी करणं बोलायला सोपं आहे. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर चालवताना तापलेल्या माणसाचा ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागतो, आणि त्याच्यासोबत चार जण पडतात.

गिरणाकाठची

जुलाबाचं मी लिहिते, कारण पाच दिवसांच्या फेरीत सगळ्यात जास्त जण यानेच थांबतात.

ओआरएसचं पाकीट उलटं करून मागचा मजकूर वाचा. एका लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम. हाच जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला. खोक्यातल्या गोड पेयांवर विसंबू नका. त्यात साखर जास्त आणि मीठ कमी असतं, त्याने जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, पण दुकानात मागताना आपणही पाकीट पाहूनच घ्यावं.

आता सायकलवाल्यांची नेहमीची चूक. पाकीट एक लिटरचं, आणि सायकलच्या पिंजऱ्यातली बाटली ७५० मिलीची. घाईत अख्खं पाकीट बाटलीत रिकामं होतं. द्रावण घट्ट होतं, ते आतड्यात पाणी ओढतं, आणि प्यायल्यावर जुलाब थांबायचे सोडून वाढतात. माणूस म्हणतो, "ओआरएस मला चालत नाही." चालतं, माप चुकलेलं असतं. उपाय असा: २०० मिलीच्या लहान पुड्या घ्या. बाटलीवर ६०० मिलीला कापडी चिकटपट्टीची खूण करा. खुणेपर्यंत पाणी, तीन पुड्या, झाकण लावून हलवायचं. अर्धी पुडी अंदाजाने टाकायची नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं, उन्हात राहिलेलं त्याआधीच. पाकीट संपलंच तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाट.

किती प्यायचं? प्रत्येक जुलाबामागे २०० ते ४०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं काही नाही, मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. घटाघटा दिलं की पुन्हा बाहेर येतं.

जुलाब थांबवायची लोपेरामाइड (२ मिग्रॅ) पेटीत असू द्या, पण ती गाडीत बसून मुक्कामाला पोचण्यासाठी, सायकलवर चढण्यासाठी नाही. ताप असेल किंवा शौचात रक्त-आव असेल तर ती अजिबात नको, घाण आत अडकते. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने नको. रक्त, ताप, सहा तास लघवी नाही, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, यातलं एक जरी असेल तरी दवाखाना.

परत चढायचं ते शेवटच्या जुलाबानंतर एक दिवस गेला आणि दोन वेळचं जेवण पचलं की. तोवर वरण-भात, ताक, पिकलेलं केळं.

आणि बाटलीचं तोंड बघा. पुढच्या चाकाने उडालेला चिखल, शेण नेमकं त्या चोखायच्या नळीवर बसतं, आणि तीच तोंडात जाते. जुलाबाचं हे मोठं कारण आहे, आणि माणूस मात्र ढाब्यावर संशय घेतो. झाकणाची बाटली घ्या. रोज रात्री गरम पाणी आणि साबणाने नळी उघडून धुवा. हात साबणानेच धुवा, सॅनिटायझर सगळ्या जंतूंवर चालत नाही.

केळीबाग

ताई, बाटलीच्या तोंडाचं पटलं. एक अडचण आहे. मुक्कामाच्या गावात लोक जीव लावून जेवायला घालतात. शेवभाजी, वरण-बट्टी, मांडे. नको म्हटलं तर वाईट वाटतं.

गिरणाकाठची

नको म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही, आधीच निरोप द्यायचा. आठ दिवस आधी यजमानांना फोन करून सांगा: रात्री वरण-भात, दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, एक साधी भाजी, ताक. तर्रीची शेवभाजी आणि मांडे शेवटच्या दिवशी जळगावला. लोकांना नेमकं सांगितलं की बरं वाटतं, तेच आनंदाने करतात. तेलाचा तवंग असलेली भाजी रात्री नऊला खाऊन पहाटे पाचला पुढे वाकून पायडल मारलं तर आंबट पाणी घशाशी येणारच, त्यात जंतूंचा दोष नाही. भरीत चालेल, ते गरम असतं. कापून ठेवलेला कांदा-काकडी, पाणी घातलेली चटणी मात्र नको.

पाण्याचं वेगळं सांगते. जारचं पाणी थंड असतं, शुद्ध असेलच असं नाही. मुक्कामी २० लिटरच्या स्वच्छ भांड्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास झाकून ठेवा. गोळी किती लिटरची आहे ते पट्टीवर छापलेलं असतं. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळा, गाळात क्लोरीन वाया जातं.

सातपुडा_पायथा

या रस्त्याचे दोन-तीन वेगळे धोके आहेत.

नंदुरबारजवळ मिरचीच्या पठाऱ्या लागतात. हिवाळ्यात लाल मिरची तिथे वाळत घातलेली असते. वाऱ्याची दिशा तिकडून असेल तर दम लागलेल्या माणसाला असा ठसका बसतो की हँडल सुटतं. दमेकऱ्यांनी तिथे नाकावर ओला रुमाल बांधावा, दम्याचा पंप खिशात ठेवावा, बॅगेत नाही. जिनिंगच्या परिसरातली कापसाची धूळही तशीच. दम लागला तर सायकल बाजूला, बसून, पंपाला स्पेसर (जोडायची नळी) लावून साल्ब्युटामॉल, एकेक पफ. आराम पडला तरी त्या दिवशी पुढे गाडीतून.

नंदुरबार ते साक्री या पट्ट्यात पवनचक्क्यांचे माळ आहेत. सावली कमी, वारा जोराचा. वाऱ्याने घाम लगेच वाळतो, अंग कोरडं वाटतं, आणि माणूस पाणी पीत नाही. साक्रीला पोचेपर्यंत डोकं धरतं. तिथे दर २० मिनिटांनी सगळ्यांनी दोन-दोन घोट असा नियम करा, पुढच्याने हाक द्यायची.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. निधी सिकलसेलसाठी आहे तर रायडरांचीही तपासणी करून घ्या. आपल्या पट्ट्यात, विशेषतः सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात, सिकलसेलचे वाहक बरेच आहेत आणि वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो. २०२३ च्या जुलैपासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, सरकारी आरोग्य केंद्रात चाचणीची सोय विचारा. आजार असलेल्याने ही फेरी चालवू नये. वाहकाने चालवावी, पण ऊन, पाणी कमी आणि एकदम जोर हे तिन्ही एकत्र आलं की त्याचे स्नायू विरघळायला लागू शकतात. ओळख अशी: पायात गोळा आला असं तो म्हणतो, पण हात लावला तर पोटरी मऊच असते, गोळ्यासारखी टणक नसते. पाय नुसते गळून जातात. तिथे चोळत बसू नका. थांबवा, सावली, पाणी, आणि थेट रुग्णालय. लघवी काळपट चहासारखी झाली तर एक मिनिटही दवडू नका, किडनीचा प्रश्न असतो. याच कारणासाठी वाटेत "जाता जाता तोरणमाळ करू" असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. हजार मीटरच्या वरचा तो घाट थकल्या पायांनी करायचा नसतो.

तापीकाठ

चाचणीचं लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांचीच करून घेतो. पेनकिलर किती ठेवायच्या?

गिरणाकाठची

पॅरासिटामॉल सोडून एकही नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अंगात पाणी कमी असताना किडनीला मारतात. ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्राव वाढतो. कंबर दुखते म्हणून इंजेक्शन टोचून पुढे निघायची पद्धत आहे ना, ती या फेरीत नको. सर्दीच्या गोळ्याही वाचून घ्या. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिनने झोप येते, आणि शेजारून ट्रक जातात.

वाघूर

शुगर-बीपीवाल्यांसाठी. आजारी दिवसाचे नियम वेगळे असतात, ते आपापल्या डॉक्टरांकडून आधीच कार्डावर लिहून आणायचे. तीन प्रश्न विचारा.

एक: उलट्या-जुलाब झाले तर मेटफॉर्मिन बंद ठेवायचं का? दोन: शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर? या गोळ्यांवर उपाशीपोटी, पाणी कमी असताना शुगर फार न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास दिसतो, आणि सगळे ॲसिडिटी समजतात. तीन: बीपीची टेल्मिसार्टन किंवा लघवीची गोळी त्या दिवशी घ्यायची का? इन्सुलिन मात्र आजारपणात स्वतःहून कधीच बंद करायचं नाही.

शुगर ७० च्या खाली: तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की बिस्किट किंवा केळं. आधी केळं दिलं तर वेळ लागतो. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, १०८.

इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, काचेमागे ते शिजतं. बर्फालाही चिकटू देऊ नका, गोठलेलं वाया जातं. लहान मातीचं मडकं, त्याभोवती ओलं फडकं, आत प्लास्टिकच्या डबीत पेन. बाजूने वारा लागेल असं ठेवलं की आत नीट गारवा राहतो.

पाचोरेकर

पैशाचं सांगतो, कारण आजारी माणसाला सायकलवर ठेवतो तो हाच दबाव. माणशी किलोमीटरला रक्कम बांधू नका. सगळ्या गटाचे मिळून किलोमीटर धरा: २२ गुणिले ४०० म्हणजे ८८००. एक जण दोन दिवस थांबला तर १६० कमी, तेवढे बाकीच्यांनी फेरीनंतरच्या रविवारी जळगावच्या मेहरूण तलावाभोवती पूर्ण करायचे. कबुलीपत्रकावर एक ओळ छापा: "सायकलस्वार आजारपणामुळे थांबल्यास देणगी कायम राहील." ज्यांनी आधीच शब्द दिला आहे त्यांना फोन करा, शंभरातला एखादाच नाही म्हणेल. पावती संस्थेच्या नावाने द्या. देणगीवरची आयकर सवलत २००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम चेक किंवा यूपीआयने घ्या.

लळिंगचा चढ

छोटा हत्ती सामानाला ठीक, आजारी माणसाला नाही. मागे झोपवून नेऊ नका. इको किंवा क्रूझरसारखी प्रवासी गाडी घ्या आणि तिच्या दोन सीट रिकाम्याच ठेवा. पहिल्याच दिवशी तिथे बॅगा चढतात, हे बघावं लागतं. ती गाडी दवाखान्यात गेली की बाकीची फेरी पुढच्या चहाच्या टपरीवर थांबते. मागे गाडी नसताना पुढे जायचं नाही.

जळगाव, नंदुरबार, धुळे तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. धुळ्याचं चक्करबर्डीला, गावात शोधत फिरू नका. मधल्या टप्प्यांसाठी प्रत्येक १५-२० किमीवरचं आरोग्य केंद्र आणि त्याचा नंबर कागदावर, कारण मोबाइलला रेंज जाते. १०८ ला सांगताना गाव, किलोमीटरचा दगड आणि "शिरपूरहून शहाद्याकडे तोंड करून डाव्या हाताला" असं सांगा.

घरी पाठवायचं तर चोपडा, शिरपूर, शहादा, साक्री कुठेच रेल्वे नाही. चोपड्याहून अमळनेर किंवा धरणगाव, शिरपूरहून नरडाणा, शहाद्याहून दोंडाईचा किंवा नंदुरबार गाठावं लागतं. आजारी माणूस एकटा पाठवायचा नाही. सायकल मागे राहू द्या.

तापीकाठ

समितीत आत्ताच बोलणं झालं, तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाते आहे. उन्हाचं सांगा.

सातपुडा_पायथा

मग वेळापत्रकच बदला. पहाटे साडेपाचला चाक फिरलं पाहिजे, अकराला सावलीत. उरलेलं साडेचारनंतर, अंधाराआधी संपवायचं. पारोळा–एरंडोल दुपारी करायचं नाही.

ऊन लागल्याची खूण घाम बंद होणं नाही. सायकलस्वाराला घाम चालूच असतो. खूण डोक्याची: असंबद्ध बोलणं, चिडणं, सरळ रेषेत न चालणं, नाव विचारलं तर अडखळणं. दिसलं की आधी थंड करा, मग न्या. गाडीत घालून तासभर दवाखाना शोधला तर तो तास मेंदूवर जातो. हेल्मेट, बूट, जर्सी काढा. शेतात मोटार चालू असेल तर पाइप थेट अंगावर, डोक्यासह. नाहीतर ताडपत्रीच्या चार कडा चौघांनी उचलून झोळी करा, माणूस आत, डोकं वर धरलेलं, पाणी ओता, हलवत राहा. रसवंतीवर बर्फ मिळतो, तो गळा, काखा, जांघेत. निळा (न खाण्याचा) बर्फही अंगाला चालतो, पोटात नाही. तोंडातलं थर्मामीटर इथे फसवतं, त्यावर विसंबू नका. १०८ ला फोन पहिल्याच मिनिटाला दुसऱ्याने लावायचा. भानावर नसेल तर पाणी पाजायचं नाही. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही.

उलट बाजूही असते. भीतीने लिटर-लिटर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळ, बोटातली अंगठी घट्ट होते. त्याला आणखी पाणी देणं म्हणजे घात. सकाळ-संध्याकाळ वजन करा. संध्याकाळी वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय, दोन टक्क्यांहून जास्त उतरलं तर कमी पडतंय.

केळीबाग

वजनकाटा छोट्या हत्तीत टाकायला हवा म्हणजे. गिरणाताई, आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाटल्या काळ्या आहेत, आतलं पाणी दिसत नाही. ६०० ची खूण कशी करायची?

गिरणाकाठची

खूण नको मग. कफ सिरपचं १० मिलीचं झाकण किंवा २० मिलीची सिरिंज घेऊन घरीच एक स्टीलचा पेला मोजा. आपले पेले कोणाचे १८०, कोणाचे २५० भरतात. २०० मिली जिथे येतं तिथे आतून खिळ्याने बारीक रेघ ओढा. तोच पेला गाडीत. तीन पेले पाणी, तीन पुड्या. हे काम एकाच माणसाकडे द्या, म्हणजे माप चुकणार नाही.